नावेला बांधलेली नाव

गेल्या श्रावणांतली गोष्ट. दुपारचें जेवण होऊन मी झोपाळ्यावर टेकलों होतों. हातांत धाकट्या भावाचें कोंकणांतून आलेलें पत्र होतें, तें तिसऱ्यांदा वाचून घडी घालीत होतों, इतक्यांत वरच्या खोलींतून धाकट्या सूनबाईचा आवाज आला, "बाबा, तुमचें पान पांढरें पडलें!" ज्यास हकीकत ठाऊक नाहीं त्यास वाटावें कीं घरांत कोणास घेरी आली आहे. आमची मंडळी तर माजघरांतून पाण्याचा तांब्या घेऊनच धांवली.

पान म्हणजे संगणकावरचें पान. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला मनुष्य. पुढें कृष्णाकाठच्या एका पाठशाळेंत व्याकरण व थोडासा न्याय वाचला, आणि तेवढ्या शिदोरीवर तीस वर्षें संस्कृतची मास्तरकी केली. निवृत्त झाल्यावर ओसरीवर पंधरा-वीस मुलें जमवून शिकवीत असें. २०२० सालीं टाळेबंदींत तो वर्ग बंद पडला, तेव्हां सूनबाईनें माझ्या पाठांसाठीं एक पान तयार करून दिलें. ती एका कंपनीसाठीं घरीं बसून अशींच पानें रचण्याचें काम करते. आमच्या पानाचीं दोन अंगें आहेत. डावीकडे पाठ, उजवीकडे कोश. डावीकडच्या एखाद्या शब्दावर बोट टेकलें कीं उजवीकडे त्याचा अर्थ, विभक्ति, धातु उमटतात. आणि उजवीकडच्या धातूवर बोट टेकलें कीं डावीकडे त्या धातूपासून झालेले सगळे शब्द उजळतात. मुलांस ही गंमत इतकी आवडली कीं टाळेबंदी उठली, ओसरी पुन्हां भरूं लागली, तरी पान चालूच राहिलें.

तेंच पान त्या दिवशीं कोरें करकरीत झालें होतें. मी वर गेलों. सूनबाईनें एक लाल ओळ दाखविली. इंग्रजींत होती, तिचा अर्थ असा कीं, अमुक वस्तु सिद्ध होण्यापूर्वी तिला हात लावतां येत नाहीं.

"म्हणजे काय झालें?"

"सर्क्युलर डिपेंडन्सी झाली, बाबा. डाव्याला उजवा लागतो, उजव्याला डावा लागतो. आधीं कोणी यायचें?"

मी म्हटलें, "अग, हा तर अन्योन्याश्रय!"

ती हंसली. तिला वाटलें, मास्तरांनीं नेहमींप्रमाणें एक संस्कृत शब्द काढला. पण हा नुसता शब्द नव्हे. आपल्या नैयायिकांनीं या जातीच्या दोषांचीं चार वेगळालीं नांवें करून ठेविलीं आहेत. एखादी गोष्ट स्वतःवरच टेकली तर आत्माश्रय. दोन गोष्टी परस्परांवर टेकल्या तर अन्योन्याश्रय. तीन किंवा अधिक वर्तुळांत टेकल्या तर चक्रक. आणि टेकणें कोठें थांबतच नसेल तर अनवस्था. सूनबाईच्या संगणकांत अशीं वर्तुळें हुडकून काढणारें मॅज नांवाचें एक साधन आहे. तिनें तें आमच्या पानावर फिरविलें, तों या जोडीखेरीज तीन फायलींचें एक चक्रकहि निघालें! पाठशाळेंत हीं नांवें मीं घोकलीं होतीं. तीं कोणाच्या पोटापाण्याच्या उद्योगांत रोज उपयोगी पडत असतील अशी कल्पना मला सासरा होईपर्यंत नव्हती.

येथें थोडें खुलाशानें सांगितलें पाहिजे. असल्या पानाचा मजकूर एकाच लांबलचक बाडांत लिहीत नाहींत. डाव्या अंगाचें काम एका फायलींत, उजव्याचें दुसरींत. अशा स्वतंत्र तुकड्यास तिच्या धंद्यांत कंपोनंट म्हणतात. आपण घटक म्हणूं. प्रत्येक फायलीच्या माथ्यावर तिला दुसऱ्या कोणत्या फायलीकडून काय उसनें हवें तें लिहिलेलें असतें. पान उघडतांना ब्राउझर प्रथम या साऱ्या उसनवारीची सांखळी जुळवितो, आणि मग ज्याच्याकडून उसनें घ्यावयाचें तो आधीं, घेणारा मागून, या क्रमानें एकेक फाइल चालवितो. वरणाला डाळ आधीं शिजली पाहिजे, यापेक्षां यांत अधिक गूढ कांहीं नाहीं. परंतु दोन फायली परस्परांकडून उसनें घेऊं लागल्या म्हणजे हा क्रमच लागत नाहीं. ब्राउझर अशा वेळीं अडून बसत नाहीं. सांखळींतून जातां जातां जी फाइल पुन्हां पहिलीकडे बोट दाखविते, तिला तो, पहिली अजून चाललेली नसतांनाच, चालवून टाकतो. मग तिला पहिलीकडून जें हवें असेल तें मिळो न मिळो.

मला नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. हा अन्योन्याश्रय पहिल्या दिवसापासून त्या पानांत होता. मग इतकीं वर्षें पान बिनतक्रार कसें चाललें? सूनबाईनें तेंहि समजावून दिलें. आजवर दोन्ही फायली एकमेकींकडून फक्त कृति उसन्या घेत होत्या: अर्थ दाखव, शब्द उजळ. अशी कृति, म्हणजे फंक्शन, साध्या रीतीनें लिहिली असेल तर फाइल चालण्यापूर्वीच सिद्ध होऊन राहते. आणि तिचा उपयोग तर वाचकानें बोट टेकल्यावर, म्हणजे सर्व फायली चालून गेल्यावर, व्हावयाचा. त्यामुळें दोष होता पण बाधत नव्हता. त्या दिवशीं सकाळीं तिनें कोशाला अकारविल्हे अनुक्रमणिका जोडली, आणि ती करावयास कोशाची फाइल चालतां चालतांच पाठाच्या फायलींतली शब्दसूची मागूं लागली. सूची ही कृति नव्हे, वस्तु. ती लिहिलेली ओळ चालेल तेव्हांच ती जन्मास येणार. कोश आधीं चालत होता, सूची मागून येणार होती. झालें, पान पांढरें!

वर, ही लाल ओळ मिळाली हें नशीबच, असेंहि ती म्हणाली. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं रचली, परंतु फायलींची परस्पर उसनवारी भाषेच्या नियमांत आली ती २०१५ सालीं. त्याआधीं नोडवाल्यांनीं जी रीत पाडली होती तींत अशा प्रसंगीं अर्धवट भरलेलें पात्र मुकाट्यानें हातीं देत, आणि तें रिकामें आहे हें कोठें तरी दूर, भलत्याच ठिकाणीं, भलत्याच वेळीं कळे.

संध्याकाळीं चिरंजीव कचेरींतून आले. तेहि त्याच धंद्यांतले. त्यांनीं उभ्या उभ्या पाहिलें, मुख्य फायलींतल्या दोन ओळी खालींवर केल्या, म्हणजे कोशाचा उल्लेख आधीं व पाठाचा मागून असा केला, आणि पान लख्ख उघडलें. "झालें तुमचें काम," म्हणून ते हातपाय धुवावयास गेले. सूनबाईनें त्या दोन ओळी पुन्हां होत्या तशा केल्या आणि पान पुन्हां पांढरें करून ठेविलें! मीं विचारलें, असें कां? ती म्हणाली, "बाबा, उद्यां कोणी तिसरी फाइल पाठाला आधीं हांक मारील तर पुन्हां हेंच. त्यांनीं दुखणें बरें नाहीं केलें, कूस बदलून दिली." मला तिचें म्हणणें पटलें, मात्र रात्रीं जेवतांना मीं त्या विषयाला हात घातला नाहीं.

जेवणानंतर मीं फडताळांतून वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांचें महाभाष्याचें मराठी भाषांतर काढलें. पाणिनीच्या पहिल्याच सूत्रावर पतंजलीनें हा वाद उभा केला आहे. आ, ऐ, औ या वर्णांना 'वृद्धि' हें नांव द्यावयाचें. पण पुष्कळ ठिकाणीं हे वर्ण उत्पन्न होतात ते 'येथें वृद्धि होते' असें सूत्र सांगतें म्हणून. म्हणजे वर्ण असतील तर नांव ठेवतां येईल, आणि नांव असेल तर वर्ण होतील. त्यावर शंका घेणारा म्हणतो, एक नाव दुसऱ्या नावेला बांधली तर दोघींपैकीं कोणीहि दुसरीस तारीत नाहीं. प्रतिपक्षी म्हणतो, कां बरें? नाव गाड्याला वाहून नेते आणि गाडा नावेला वाहून नेतो, हें आपण पाहतोंच. याला उत्तर असें कीं, तेथें तिसरें कांहीं असतें: नाव गाड्याला नेते तें पाण्यावर, गाडा नावेला नेतो तो जमिनीवर. बरें, तीन काठ्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात, त्यांचें काय? तेथेंहि शेवटीं त्यांना बांधणारी दोरी असतेच.

मीं हें सूनबाईला वाचून दाखविलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं, मग म्हणाली, "बाबा, शब्दसूची मुळांत पाठाच्या फायलींत असायचें कारणच नव्हतें." आणि तेंच खरें होतें. शब्द पाठाचे आहेत, पण पाठ दाखविणाऱ्या डाव्या घटकाचे नाहींत. तिनें सूची उचलून एका तिसऱ्या फायलींत ठेविली. ती तिसरी फाइल कोणाकडूनच कांहीं उसनें घेत नाहीं. डावा घटक तिच्याकडून घेतो, उजवाहि तिच्याकडून घेतो. पतंजलीचें समाधानहि शेवटीं याच वळणाचें आहे: शब्द नित्य आहेत, सूत्र त्यांना निर्माण करीत नाहीं, असलेल्यांकडे बोट दाखवितें. दोघे एकमेकांवर टेकलेले दिसतात, आणि ज्यावर ते खरोखर टेकले आहेत तें तिसरें आधींपासूनच तेथें असतें. त्याला स्वतंत्र जागा मात्र कोणी दिलेली नसते.

जातां जातां एक सांगून टाकतों. संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा असा एक डांगोरा आपल्याकडे पिटला जातो. १९८५ सालीं रिक ब्रिग्ज नांवाच्या संशोधकानें ज्ञानाच्या मांडणीसंबंधानें एक लेख लिहिला, त्याचा हा फुगविलेला फुगा. सूनबाईच्या फायली संस्कृतांत नाहींत आणि संस्कृतांत असत्या तरी अन्योन्याश्रय झालाच असता. आपल्या शास्त्रकारांची थोरवी हवी असेल तर ती येथें पाहावी, कीं आपल्या मांडणींतला दोष त्यांनीं झांकला नाहीं, पहिल्याच सूत्रावर पूर्वपक्ष म्हणून उभा केला.

आतां त्या पत्राकडे वळतों. आमचें मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यांत. वडिलांच्या मागें घर आणि आंब्याचीं कलमें आम्हां दोघां भावांच्या नांवें आलीं. आईनें व आक्कानें आपापला हक्क पूर्वीच सोडला होता. धाकटा भाऊ तेथेंच राहतो, आईहि त्याच्याजवळ. मीं घरावरचा हक्क सोडावा व त्यानें माझ्या हिश्शाचे पैसे द्यावे, असें बोलाचालीनें ठरलें. येथवर सरळ होतें. मी म्हटलें, पैसे आले कीं हक्कसोडपत्रावर सही करतों. तो म्हणाला, पैसे बँकेचें कर्ज काढून द्यावयाचे. घर माझ्या एकट्याच्या नांवें असल्याखेरीज बँक कर्ज देत नाहीं. तेव्हां दादा, तूं आधीं सही कर. दोघांचेंहि म्हणणें खरें, दोघांपैकीं कोणीहि लबाड नाहीं, आणि चार वर्षें आमचें बोलणें बंद. चार वर्षांत मी कोंकणांत पाऊल ठेविलें नाहीं. आईचें वय तेव्हां अठ्ठ्याऐंशीं.

बोलणें बंद तरी निरोप चालू होते. आमची थोरली बहीण आक्का कोल्हापुरास असते. मी तिला सांगावें, तिनें त्याला सांगावें, त्यानें तिला उत्तर द्यावें. प्रत्येक निरोपाला एक उत्तर फुटे, उत्तराला उपप्रश्न. त्या श्रावणांतलें पत्र भावानें सरळ मला लिहिलें होतें तें एवढ्यासाठींच कीं आक्कानें मधें पडणें सोडून दिलें होतें. तिनें आम्हां दोघांनाहि फोनवर एकच वाक्य ऐकविलें: "मला पोस्टमन केलेंत, पंच केलें नाहींत."

हें वाक्य मला नीट कळलें तें पंधरा दिवसांनीं, आणि तेंहि पानामुळेंच. सूची तिसरीकडे गेली तरी डाव्या-उजव्यांचे परस्परांस निरोप पाठविणें राहिलेंच होतें. त्यासाठीं फायली एकमेकींकडून कृति उसन्या घेतच होत्या. ती गांठहि सोडवावी म्हणून सूनबाईनें मध्यें एक टपालघर बसविलें. त्यास त्यांच्यांत इव्हेंट बस म्हणतात. डाव्यानें उजव्याचें नांव घ्यावयाचें नाहीं. टपालघरांत दवंडी द्यावयाची कीं शब्द निवडला गेला. ज्यास ती ऐकावयाची असेल त्यानें ऐकावी. मॅजला विचारलें, वर्तुळ आहे का? त्यानें सांगितलें, एकहि नाहीं.

दुसऱ्या दिवशीं एका मुलीनें पाठांतल्या शब्दावर बोट टेकलें आणि पान थिजलें. पांढरें नव्हे, सगळें दिसतें आहे, हलत कांहीं नाहीं. झालें होतें असें: डाव्यानें दवंडी दिली, शब्द निवडला. ती ऐकून उजव्यानें अर्थ दाखविला, धातु मांडला, आणि दवंडी दिली, धातु बदलला. ती ऐकून डाव्यानें त्या धातूचे सगळे शब्द उजळले, त्यांतला पहिला शब्द निवडला, आणि पुन्हां दवंडी दिली, शब्द निवडला. असें चाललें तें ब्राउझरचा दम संपेपर्यंत! कोणत्याहि फायलींत दुसरीचें नांव नव्हतें म्हणून साधनाला वर्तुळ दिसलें नाहीं. पण वर्तुळ होतेंच. सूनबाई म्हणाली, "दोरी कापली नाहीं मीं, जमिनीखालून नेली." टपालघराला निरोप पोंचविण्यापलीकडे कांहीं ठाऊक नव्हतें, खरें काय ठरलें आहे हें त्याच्याजवळ नव्हतेंच. आमच्या आक्काची स्थिति याहून वेगळी ती काय होती?

या खोड्यांत मोठमोठे लोक अडकले आहेत. गूगलच्या अँग्युलरजेएसमध्यें दोन्हीकडून बांधणी असे: पडद्यावर बदललें कीं सांठ्यांत बदलावें, सांठ्यांत बदललें कीं पडद्यावर. एकानें दुसऱ्यास हालविण्याच्या दहा फेऱ्या होऊनहि स्थिरता आली नाहीं तर तें यंत्र हात टेकून थांबे. फेसबुकांत न वाचलेल्या निरोपांचा आंकडा दाखविणारा एक घटक होता. आंकडा दिसावा, उघडून पाहावें तों नवें कांहींच नसावें. दुरुस्त करावें आणि तक्रार फिरून यावी. २०१४ सालीं त्यांनीं या जाचांतून काढलेली वाट लोकांपुढें मांडली: वस्तुस्थिति एका ठिकाणीं, आणि बदल एकाच दिशेनें वाहावयाचा. सूनबाईनेंहि टपालघर मोडून हीच रीत धरली.

आतां दोन्ही अंगांना कवेंत घेणारा एक वडील घटक आहे. निवडलेला शब्द कोणता, ही एकच गोष्ट त्याच्यापाशीं असते. डावा ती पाहून उजळतो, उजवा ती पाहून अर्थ मांडतो. कोणाला बोट लागलें तर तो फक्त वडिलांना सांगतो कीं वाचकानें येथें बोट टेकलें, ठरविणें वडिलांकडे. आणि माझ्या मतें यांतली खरी मेख पुढची आहे. धातु कोणता हें कोठें नोंदवून ठेवावयाचेंच नाहीं, कारण शब्द ठरला कीं धातु ठरलेलाच आहे. जें दुसऱ्यावरून निघतें त्याची दवंडी देऊं नये. दवंडी वाचकाच्या कृतीची, तिच्या परिणामांची नव्हे. उजवीकडे वाचकानें धातूवर बोट टेकलें तर ती मात्र त्याची स्वतःची कृति. तीहि वडिलांकडेच जाते.

एक गांठ मात्र सोडविण्याजोगी नव्हतीच. पुढच्या पाठांत मोठाले समास आले. समास दाखविणारा घटक आपलीं पदें दाखविण्यास पद-घटकाला बोलावतो. आणि तें पदच आणखी एक समास असेल तर पद-घटक पुन्हां समास-घटकाला बोलावतो. येथें तिसऱ्या ठिकाणीं काय न्यावयाचें? वस्तूच तशी आहे. बीजापासून अंकुर आणि अंकुरापासून बीज, याला शास्त्रकारहि दोष मानीत नाहींत. फोल्डरांत फोल्डर दाखविणाऱ्या पानांत हेंच येतें, आणि व्ह्यू या साधनाच्या मार्गदर्शिकेंत त्याचाच दाखला दिला आहे. अशा वेळीं एकानें दुसऱ्याचें नुसतें नांव घेऊन ठेवावयाचें. त्या नांवाचा धनी तेव्हां हजर नसला तरी चालतो, बोलावण्याची वेळ येईल तेव्हां असला म्हणजे झालें.

याहि ठिकाणीं महाभाष्यांत एक विणकर बसलेला आहे. गिऱ्हाईक त्याला म्हणतें, या सुताचें वस्त्र वीण. आतां, वस्त्र असेल तर तें विणावयाचें कशाला? विणावयाचें असेल तर तें अद्याप वस्त्र कसें? पतंजलि म्हणतो, ही भाविनी संज्ञा: विणून झाल्यावर ज्याला वस्त्र म्हणतील, तें वीण.

विणकरावर मी थबकलों. सूनबाईनें पुस्तक माझ्या हातांतून घेतलें नाहीं, कीं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलेंहि नाहीं, पडद्याकडे पाहतच म्हणाली, "बाबा, बँकहि असें करते. घर होईल काकांच्या नांवें, या अटीवर कर्ज मंजूर करते. आधीं नुसतें मंजुरीपत्र. पैसे नोंदणीच्या दिवशीं." मी म्हटलें, "मग हें चार वर्षांत कोणी बोललें कसें नाहीं?" ती म्हणाली, "तुम्हीं कोणाला विचारलेंत?"

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पैशांसाठीं मी अडून बसलों नव्हतों, हें आतां लिहितांना लाज वाटते पण लिहिलें पाहिजे. धाकट्यानें माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आधीं पुढें यावें, एवढेंच मला हवें होतें. आणि त्यालाहि माझ्याकडून नेमकें तेंच हवें होतें. सकाळीं मीं कोल्हापुरास फोन लाविला. आक्का म्हणाली, "निरोप असेल तर मी घेणार नाहीं." मी म्हटलें, "निरोप नाहीं. माझें सही केलेलें संमतिपत्र तुझ्याकडे पाठवितों, त्याचें बँकेचें मंजुरीपत्र तो तुझ्याकडे पाठवील. दोन्ही आलीं म्हणजे दिवस तूं ठरव. आम्ही दोघेहि येऊं." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तिनें मला विचारलें कीं हें डोकें कोणाचें. मीं खरें तें सांगितलें.

कागद गोळा होण्यास दसरा उलटला. नोंदणी तालुक्याच्या गांवीं दुय्यम निबंधकांच्या कचेरींत झाली. आधीं बँकेच्या माणसानें धनाकर्ष टेबलावर ठेविला, कीं आधीं मीं अंगठा उमटविला, हें मला खरोखर आठवत नाहीं. भावालाहि आठवत नाहीं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दादा, जेवायला घरीं येतोस ना?" आक्का आमच्या दोघांच्या पुढें चालत होती, ती मागें न पाहतां म्हणाली, "येतो."

आई ओटीवर बसली होती. तिनें मला ओळखलें तें आवाजावरून. डोळे आतां अधू झाले आहेत. चार वर्षांबद्दल तिनें एक शब्दहि विचारला नाहीं. मी किती वाळलों तें हातानें चांचपून पाहिलें, आणि सूनबाईला म्हणाली, "तूं म्हणे याच्या पोरांसाठीं पोथी केलीस, ती दाखव." सूनबाईनें मांडीवर संगणक घेऊन पान उघडलें आणि अक्षरें केवढालीं तरी मोठीं केलीं. आईनें डोळे बारीक करून, चांचरत, एका शब्दावर बोट टेकलें. उजवीकडे अर्थ उमटला, डावीकडे तो शब्द उजळला. आम्ही सगळे वांकून पाहत होतों. तिनें पुन्हां टेकलें. मग भावाला म्हणाली, "ह्यांत तुझ्या बापाच्या पोथींतलें घालतां येईल का, विचार दादाला."

भावानें मलाच विचारलें.